भुरी न लागणारे झाड

बुलढाण्याच्या आमच्या घराच्या अंगणात, फाटकाच्या उजव्या हाताला, चिनाई मेंदीचे एक झुडूप आहे. पुरुषभर उंच. पहिला पाऊस पडला की कागदी झालरीसारखी चुरगळलेली गुलाबी फुले त्यावर येतात आणि येणारा-जाणारा फाटकाशी क्षणभर थांबतो. हे कौतुक दीड-दोन महिने टिकते. मग भाद्रपद लागतो, पावसाला उघडीप पडते, दिवसा ऊन आणि रात्री गारवा असे सुरू होते, आणि आठ दिवसांत हे झाड पिठाच्या डब्यात बुडवून काढल्यासारखे दिसू लागते. कोवळी पाने वळतात, शेंडे आखडतात, कळ्या न उमलताच गळून पडतात. शेतकऱ्याला या रोगाचे नाव सांगावे लागत नाही. भुरी.

आमच्याकडे महिन्यातून दोनदा बागकामाला येणारे गृहस्थ मोताळ्याकडचे. दर वर्षी तेच गंधकाची भुकटी मारतात आणि दर वर्षी तेच म्हणतात, ‘साहेब, या झाडाले दर साली हेच होते. काहून ठेवता? गंधक मारू मारू थकलो मी. उपटू द्या, मस्त कन्हेर लावू.’

त्यांचे म्हणणे चुकीचे नाही. पण झाड उपटायला आमच्या सौभाग्यवतींचा सक्त विरोध आहे. मेहकरला बदली झाली तेव्हा ज्या घरी आम्ही भाड्याने राहिलो, त्या घरमालकीण आजींनी निघताना त्यांच्या झाडाची एक फांदी ओल्या फडक्यात गुंडाळून दिली होती. आजी गेल्या, ते घरही पाडले गेले. फांदी तेवढी राहिली. आता अशा फांदीचा हिशेब गंधकाच्या किमतीत कसा करणार?

मला मात्र एक गोष्ट बरीच उशिरा सुचली. मेहकरच्या त्या झाडालाही दर भाद्रपदात अशीच भुरी लागत असे. छाट कलम म्हणजे काही नवे झाड नव्हे. ते तेच झाड, फक्त दुसऱ्या अंगणात उभे. आजींनी आम्हांला फुलांचा रंग दिला तसा रोगाला बळी पडण्याचा स्वभावही दिला, आणि त्यांनाही तो कोणीतरी असाच फडक्यात गुंडाळून दिला असणार.

या झाडाची कुळकथा मोठी गमतीची आहे. शास्त्रीय नावात ते ‘इंडिका’ म्हणवते, पण मूळ घराणे मुख्यतः चीनकडचे. स्वीडनच्या लिनियसने या जातीला आपल्या एका स्नेह्याचे, माग्नुस फॉन लागरस्ट्रोम या व्यापाऱ्याचे नाव दिले. हा गृहस्थ स्वीडिश ईस्ट इंडिया कंपनीचा संचालक होता आणि पूर्वेकडून आलेले वनस्पतींचे नमुने लिनियसला पुरवत असे. त्यामुळे आपल्या महाराष्ट्राचे राज्यपुष्प तामण, म्हणजेच जारूळ, हेही शास्त्राच्या दप्तरी या स्वीडिश व्यापाऱ्याच्या नावावर चढलेले आहे. तामण ही आमच्या चिनाई मेंदीची थोरली बहीण. कोकणातल्या ओढ्याकाठी चैत्र-वैशाखात ती जांभळी होते तेव्हा पाहणाऱ्याचे भान हरपते. दुसरी बहीण सह्याद्रीतला नाणा. आणि तिसरी आपल्या वऱ्हाडातली, कोणी कौतुक न केलेली: बोंडारा. काही लोक तिला लेंडिया म्हणतात. घाटाखाली उतरून जळगाव जामोद, संग्रामपूरच्या वर सातपुड्याच्या सागवनात शिरले की ती भेटते. फुले बारीक, पांढरी. जळाऊ आणि इमारती लाकूड म्हणूनच तिची ओळख. शिवाय मेंदी आणि डाळिंब हेही याच कुळातले. डाळिंबाचा उल्लेख पुढे पुन्हा येणार आहे, म्हणून तो लक्षात असू द्यावा.

चिनाई मेंदी अमेरिकेच्या दक्षिण भागात अठराव्या शतकाच्या अखेरीस पोचली आणि तिथल्या उन्हाळ्याला इतकी मानवली की रस्ते, चर्चची आवारे, स्मशाने, सगळीकडे लोकांनी ती लावली. तिथेही तिची तीच रड होती. ऐन बहरात भुरी. तिथे मात्र कोणी तरी असे म्हणाले की औषध मारत बसण्यापेक्षा झाडच बदलून पाहू.

ही हकीकत सुरू होते जपानच्या दक्षिणेकडच्या याकुशिमा नावाच्या बेटावर. हे बेट अफाट पावसासाठी आणि हजारो वर्षांच्या देवदारवर्गीय वृक्षांसाठी प्रसिद्ध आहे. १९५६ साली अमेरिकेच्या शेती खात्याचा जॉन क्रीच नावाचा वनस्पतिसंग्राहक तिथे हिंडत होता. या क्रीचबद्दल दोन शब्द सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. दुसऱ्या महायुद्धात तो जर्मनांच्या हाती सापडला होता, आणि पोलंडमधल्या युद्धकैद्यांच्या छावणीत त्याने भाजीपाला पिकवून सोबतच्या अर्धपोटी कैद्यांच्या पोटाला आधार दिला होता. अशा माणसाच्या नजरेला जंगलातले एखादे साधे पांढरे फूलही वेगळे दिसत असेल. याकुशिमात त्याने चिनाई मेंदीच्या एका रानटी भावंडाचे बी गोळा केले. या झाडाची फुले लहान आणि पांढरी, बागेत मिरवावी अशी मुळीच नाहीत. खोड मात्र दालचिनीच्या रंगाचे आणि तुळतुळीत. जपानी भाषेत या कुळाच्या झाडांना जे नाव आहे त्याचा अर्थच मुळी ‘माकड घसरेल असे झाड’ असा होतो. ते बी वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय वृक्षोद्यानात रुजले, आणि रोपे मोठी झाल्यावर दिसले की शेजारची चिनाई मेंदी पांढरीफटक पडली तरी यांच्या पानांना भुरी जवळजवळ शिवत नाही.

त्या वृक्षोद्यानात १९५८ पासून डोनाल्ड एगॉल्फ नावाचा संशोधक काम करत होता. त्याने चिनाई मेंदीच्या रंगीत फुलावर याकुशिमाच्या पांढऱ्या फुलाचे पराग घातले. वाचायला हे एका वाक्याचे काम आहे. प्रत्यक्षात एकेका फुलातले परागकोश चिमट्याने उपटायचे, दुसऱ्या झाडाचे पराग कुंचल्याने लावायचे, कीटकांनी घोटाळा करू नये म्हणून पिशवी बांधायची, चिठ्ठी लावायची, बोंड पिकेपर्यंत राखण करायची. मग बी पेरायचे आणि उगवलेल्या प्रत्येक रोपाकडे वर्षानुवर्षे पाहत राहायचे. अशा कामात सर्वांत कठीण भाग हा की रोपांवर औषध मारायचे नाही. रोग येऊ द्यायचा. ज्यांना होईल ती उपटून फेकायची, आणि उरलेल्यांत फूल बरे कोणाचे, बांधा चांगला कोणाचा, हे पाहायचे. आपण बागवाले लोक रोप जगावे म्हणून धडपडतो. वाण तयार करणारा माणूस शंभरातली नव्व्याण्णव मरू देण्याची तयारी ठेवून बसतो.

१९७८ साली ‘नॅचेझ’ आणि ‘मस्कोगी’ हे वाण बाहेर आले. नॅचेझ पांढरा, मस्कोगी फिकट जांभळा. भुरीला दोन्ही दाद देत नाहीत. आणि मागितले नव्हते असे एक देणे याकुशिमाच्या बेटावरून आपसूक आले: ते दालचिनी रंगाचे, साल सुटणारे देखणे खोड. त्यामुळे पानझडीतही हे झाड पाहण्यासारखे झाले. एगॉल्फचे १९९० मध्ये निधन झाले, पण त्याने निवडून ठेवलेल्या रोपांतून पुढेही वाण निघत राहिले. एकंदर वीसहून अधिक. या सगळ्यांना अमेरिकेच्या मूळ रहिवासी जमातींची नावे दिली गेली. त्या जमातींना त्यांच्या भूमीवरून हुसकावून लावले आणि मग रस्त्याकडेच्या झुडपांना त्यांची नावे ठेवली, हे मला थोडे खटकते. पण आपल्याकडेही ज्या ओढ्यांच्या, वाड्यांच्या जागा बुजवून वसाहती उभ्या राहिल्या, त्या वसाहतींना त्याच ओढ्यांची नावे असतात. तेव्हा आपण फार बोलू नये.

शोभेच्या झाडासाठी एवढा खटाटोप कशाला, असा प्रश्न इथे कोणी विचारील. आमच्या जिल्ह्यात तर विचारीलच. जिथे सोयाबीनवर पिवळा मोझॅक आणि कपाशीवर बोंडअळी, तिथे फुलझाडाच्या भुरीचे कौतुक कोणाला? मीही असेच म्हणत असे. पण या विद्येचा उगम पाहिला तर तो शेतातच सापडतो, आणि तिथून ती बागेत आणणाऱ्यांत आपल्या देशातला एक थोर माणूस आहे.

मेंडेलचे नियम १९०० साली पुन्हा उजेडात आले. त्यानंतर पाचच वर्षांनी केंब्रिजच्या रोलंड बिफेन यांनी गव्हावर दाखवून दिले की तांबेऱ्याला दाद न देण्याचा गुण हाही डोळ्यांच्या रंगासारखा वारशाने उतरतो. रोगी आणि निरोगी गव्हाचा संकर केला. पहिल्या पिढीत सगळी रोपे रोगी निघाली, आणि दुसऱ्या पिढीत साधारण चौथा हिस्सा निरोगी. म्हणजे रोगप्रतिकार ही जमिनीची, खताची किंवा देवाची कृपा नसून, शोधून काढता येईल आणि एका वाणातून दुसऱ्यात नेता येईल अशी वस्तू आहे. याच केंब्रिजला पुढे बेंजामिन पिअरी पाल हा पंजाबात जन्मलेला आणि ब्रह्मदेशात वाढलेला तरुण शिकायला गेला आणि बिफेन व एंगलडो यांच्या हाताखाली तयार झाला.

१९४६-४७ च्या हंगामात मध्य भारतात गव्हावर काळा तांबेरा आला. माझे आजोबा त्या सालाची गोष्ट सांगत. शेतातून चालले की धोतराचा काठ तांबडा होई, आणि लोंबी चोळली की हातावर दाण्याऐवजी फोलपट उरे. डॉ. पाल तेव्हा दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेत या रोगाशीच झुंजत होते. त्यांच्या चमूचा ‘एन. पी. ८०९’ हा तिन्ही तांबेऱ्यांना तोंड देणारा गहू १९५४ मध्ये आला. १९६५ मध्ये ते भारतीय कृषी संशोधन परिषदेचे पहिले महासंचालक झाले. आणि हाच माणूस सकाळी उठून गुलाबाच्या ताटव्यात शिरत असे. ‘डॉ. होमी भाभा’ हा पांढरा गुलाब त्यांचा, ‘रोझ शर्बत’ त्यांचा, ‘दिल्ली प्रिन्सेस’ त्यांचा. त्यांचे म्हणणे साधे होते. विलायतेहून आणलेले गुलाब इथल्या मैदानी उन्हात कष्टी होतात. तेव्हा इथल्या उन्हात वाढलेल्या, इथेच निवडलेल्या बियांतून आपले गुलाब काढले पाहिजेत. गव्हाचा आणि गुलाबाचा शास्त्रज्ञ एकच असावा यात त्यांना काही विचित्र वाटले नाही. बुरशीला तरी कुठे वाटते?

बुरशीपेक्षाही या बाबतीत कीड मोकळ्या मनाची. चिनाई मेंदीची भुरी चिनाई मेंदीवरच राहते, ती काही शेजारच्या भेंडीवर जात नाही. पण पिठ्या ढेकणाचे तसे नाही. २००५ नंतर दोन-तीन वर्षांत परदेशी जातीचा पिठ्या ढेकूण कपाशीवर तुटून पडला, हे विदर्भातल्या शेतकऱ्यांना आठवत असेल. कपाशी आणि जास्वंद एकाच कुळातली. शेतात उन्हाळ्यात कपाशी नसते, गणपतीसाठी लावलेली जास्वंद मात्र दारात बारमाही उभी असते. कापसाचे गाव असेल तर दारातली जास्वंद ही त्या किडीची धर्मशाळाच झाली. चिवट, किडीला थारा न देणारी जास्वंद दारात असणे ही मग नुसती हौस राहत नाही. शेजाऱ्याच्या पऱ्हाटीशी तिचा संबंध असतो.

आता डाळिंबाकडे वळतो. बँकेत मी ज्या खुर्चीवर बसत होतो, तिथे फळबागेच्या कर्जाची प्रकरणे येत. एक काळ असा आला की डाळिंबाच्या प्रत्येक प्रकरणात वाणाच्या रकान्यात एकच नाव: भगवा. रंग सुरेख, माल टिकाऊ, निर्यातीला चालणारा. शेतकऱ्याने तो का लावू नये? आणि मी सही का करू नये? मीही केल्या. एकाच उद्योगाला, एकाच घराण्याला सगळी रक्कम देऊ नये हे बँकेतला कारकूनही जाणतो. त्यासाठी मर्यादा आहेत, परिपत्रके आहेत, तपासणी आहे. पण गावेच्या गावे एकाच झाडाच्या गुटी कलमांवर उभी राहत होती, आणि जोखीम एकाच ठिकाणी साठते आहे हा प्रश्न आमच्या कोणत्याच रकान्यात बसत नव्हता. मग तेल्या आला. फळावर तेलकट काळे डाग, मधोमध चीर. एका बागेत आला तो दुसऱ्या बागेत जाताना त्याला वाट शोधावी लागली नाही, कारण पलीकडेही तेच झाड होते. मी नंतर वसुलीच्या नोटिसांवरही सह्या केल्या. त्या सह्यांचा हात हाच होता, ही गोष्ट विसरायला मला अजून जमलेले नाही.

म्हणून रोगप्रतिकारक वाण म्हणजे सोन्याची किल्ली, असे मी म्हणणार नाही. या विषयातली सर्वांत शहाणी करणारी गोष्ट नेदरलँडमधली आहे. आपल्या वावळाच्या कुळातला एल्म हा वृक्ष युरोपात रस्त्यांचा आणि कालव्यांचा राजा. पहिल्या महायुद्धाच्या सुमारास तो पटापट वाळू लागला. कोणी म्हणाले युद्धातल्या विषारी वायूंमुळे, कोणी म्हणाले दुष्काळामुळे. नेदरलँडमध्ये प्राध्यापक झालेली पहिली स्त्री योहाना वेस्टरडाइक. तिच्या विद्यार्थिनींनी या रोगाचा छडा लावला. बेआ श्वार्झने बुरशी शोधली, क्रिस्टिन बाउझमनने ती नि:संशय सिद्ध केली आणि हजारो रोपांना मुद्दाम रोग टोचून त्यातून तगणारी निवडण्याच्या कामाला लागली. १९३६ साली, पस्तिशीतच, ती वारली. तिने निवडलेल्या पहिल्या रोगप्रतिकारक एल्मला तिचेच नाव दिले गेले. आणि मग लागवड झाल्यावर दिसून आले की हे झाड एल्मच्या रोगाला दाद देत नाही हे खरे, पण फांद्या वाळवणाऱ्या एका दुसऱ्याच क्षुल्लक बुरशीला मात्र सहज बळी पडते. ते मागे पडले, काम चालू राहिले. पुढे १९६० च्या दशकाच्या अखेरीस त्याच रोगाचा अधिक जहाल प्रकार आला आणि एकट्या ब्रिटनमध्ये अडीच कोटींच्या वर एल्म गेले. झाड एका जागी उभे असते. बुरशीला पाय नसले तरी ती दर पावसाळ्यात नवी पिढी काढते.

नॅचेझची कथाही तिथेच संपली नाही. अमेरिकेतल्या शहरांनी ते वाण लाखांनी लावले आणि २००४ मध्ये टेक्सासात आशियातून आलेली एक खवले कीड चिनाई मेंदीच्या खोडावर सापडली. खोड काळे, चिकट करून टाकणारी. भुरीला न भिणारी झाडे हिच्यापुढे हतबल झाली. दोन दशके ती राज्यामागून राज्य ओलांडत गेली. मग टेक्सासमधल्या विद्यापीठातल्या संशोधकांनी या कुळातल्या वेगवेगळ्या भावंडांवर ही कीड सोडून पाहिली. कोणाच्या अंगावर ती नीट पोसली जात नाही? तामणाच्या. ज्याला आपण राज्यपुष्प म्हणतो आणि पाठ्यपुस्तकाच्या एका चौकटीत ठेवून विसरतो, त्याच्या रसात त्या किडीला न मानवणारे काही तरी आहे. तिकडच्या थंडीत तामण तगत नाही, म्हणून त्याचा तो गुण संकराने चिनाई मेंदीत कसा नेता येईल हा आता त्यांच्यापुढचा प्रश्न आहे.

हे वाचले त्या दिवशी मी बुलढाण्यातल्या एका सरकारी कचेरीच्या आवारातल्या तामणाला मुद्दाम भेटून आलो. बुंध्याला दुचाक्या टेकलेल्या, खोडात सूचनाफलकाचे चार खिळे. घाटावरच्या मुरमाड जमिनीत, कोकणातल्या बहिणीच्या निम्म्या उंचीचे, पण हिरवेगार. ते कोणी लावले, बी कुठून आणले, याची नोंद कोणाकडे नाही. शिपाई म्हणाला, ‘मी आलो तईपासून आहे.’

नोंद हाच माझ्या मते मुद्दा आहे. २०१६ साली राज्याने २ कोटी रोपांचा संकल्प केला. पुढच्या वर्षी ४ कोटी, २०१८ मध्ये १३ कोटी, २०१९ मध्ये ३३ कोटी. रोपांची संख्या मोजली गेली, खड्ड्यांची मोजली गेली, फोटो काढले गेले. रोप कोणत्या आईचे, हा रकाना मी तरी कुठल्या फलकावर पाहिला नाही. मेहकर, लोणार, सिंदखेड राजा, देऊळगाव राजा या आमच्या चार तालुक्यांतून समृद्धी महामार्ग जातो. आता त्या त्या गावांत नवे ले-आऊट पडत आहेत, आणि प्रत्येक ले-आऊटच्या कमानीपाशी तीच चार झाडे रांगेने उभी असतात. आंध्रातल्या कडियमच्या रोपवाटिकांतून ट्रक भरून येतात. तिथल्या माळ्यांच्या हाताला तोड नाही, हे मान्यच. पण गोदावरीच्या गाळात, दमट हवेत वाढवलेले रोप चिखलीच्या माळावर काय करील हे त्या ट्रकला कसे कळावे? गुजरातने २०२३ मध्ये कोनोकार्पसच्या लागवडीवर बंदी घातली, तोवर ते झाड आपल्याकडच्याही कित्येक आवारांत पोचले होते. लवकर वाढते आणि हिरवे दिसते, एवढ्या दोन गुणांवर.

आपल्याकडे निवडीची विद्या नव्हती असे नाही. माझी आजी ज्वारीची सोंगणी सुरू होण्याआधी शेतात एकटी हिंडायची आणि भरलेली, किडीने न शिवलेली कणसे वेगळी बांधून घरात आढ्याला टांगायची. ते बियाणे. त्याला हात लावायची कोणाची टाप नव्हती, दुष्काळातही. फुलझाडांच्या बाबतीत आपण हे कधी केले नाही, कारण फुलझाड फांदीने लागते, आणि फांदी मागणाऱ्याला फांदी देणे हा शिष्टाचार आहे. वऱ्हाडात पळस, पांगारा, बहावा, काटेसावर, कांचन इतकी रानफुले आहेत. एखाद्या टेकडीवरच्या शंभर बहाव्यांत एखादा वाकडा असतो, एखाद्याला पाने खाणारी अळी लागते, आणि एखादा असा असतो की कोरड्या वर्षीही खाली वाकून फुलतो. त्या शेवटच्याला खूण करून त्याचे बी राखायचे, त्याची रोपे पुढच्या गावात लावायची आणि दहा वर्षांनी पुन्हा जाऊन पाहायचे. प्रयोगशाळेची गरज पुढे लागते, सुरुवातीला चालणारे पाय आणि एक वही पुरते. शाळेतली मुले हे करू शकतील. अकोल्याचे कृषी विद्यापीठ आपल्याला काही दूर नाही. सातपुड्यातल्या बोंडाऱ्याने कोरडा उन्हाळा आणि वणवे सोसले आहेत. बोंडारा आणि तामण यांचा कोणी संकर करून पाहील का, आणि तो जमेल का, हे मला सांगता येणार नाही. मी वनस्पतिशास्त्रज्ञ नव्हे. पण याकुशिमाच्या त्या बारक्या पांढऱ्या फुलातही कोणाला काही दिसले नव्हते.

चार वर्षांपूर्वी मार्गशीर्षात मी आमच्या चिनाई मेंदीची वाळलेली बोंडे प्रथमच न छाटता ठेवली. बी पापुद्र्यासारखे, पंख असलेले. ते दोन कुंड्यांत पेरले. या झाडाचे एक बरे की त्याला थांबवून धरण्याची सवय नाही. बियांचे रोपही दुसऱ्या वर्षी फूल दाखवू शकते. साठीनंतर हाती घ्यायला आंब्यापेक्षा हे बरे. रोपे बरीच आली. त्यांना गंधक मारायचे नाही असे मी सांगितले तेव्हा मोताळ्याच्या गृहस्थांनी माझ्याकडे जरा काळजीने पाहिले. पहिल्याच भाद्रपदात बहुतेक सगळी पांढरी झाली. दोन टिकली. दुसऱ्या वर्षी त्यातल्या एकाची पानेही वळली. उरले एक. त्याची फुले आजींच्या झाडापेक्षा फिकट आहेत, गुच्छ लहान आहे, आणि ते जरा कललेलेही आहे. सौभाग्यवतींना ते पसंत नाही. त्यांचे म्हणणे, याला मेहकरचा रंग नाही.

दोन भाद्रपद ते स्वच्छ गेले. दोन वर्षांवरून काही ठरत नाही, हे मला ठाऊक आहे. आडोशाला आहे म्हणून वाचले असेल, वारा लागतो म्हणून वाचले असेल. जुन्या झाडाच्या अगदी शेजारी, फांदीला फांदी लागेल असे, त्याचे एक कलम मी गेल्या वर्षी मुद्दाम लावले आहे.

परवा कामाला आलेले गृहस्थ बराच वेळ त्या कललेल्या झाडापाशी उभे होते. पाने उलटून पाहिली, शेंडा दोन बोटांत धरला. मग म्हणाले, ‘साहेब, याच्या दोन काड्या नेऊ का? पोरीच्या घरी लावतो. तिच्या दारात पाणी साचते, तिथं पाहू काय होते ते.’ मी सुरी आणायला आत गेलो, तोवर सौभाग्यवती ओले फडके घेऊन बाहेर आल्या होत्या.